वाचकांचे प्रश्न : डीएनएची दुरुस्ती आणि एका संशोधकाची वाटचाल

तुर्कस्तानात जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन केलेले रेणवीय जीवशास्त्रज्ञ अझीझ सांजार यांच्याविषयी गेल्या अंकात एक लहान टिपण आले होते. २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टॉमस लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह विभागून मिळाले, एवढेच त्यात सांगता आले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्या आधाराने उभी आहेत.

प्रश्न : सांजार मूळचे डॉक्टर होते असे वाचले. मग ते डीएनए दुरुस्तीकडे कसे वळले आणि त्यांनी नेमके काय शोधून काढले? बातम्यांत ‘दुरुस्तीची यंत्रणा उलगडली’ यापलीकडे काही सापडत नाही.
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सांजार यांचा जन्म १९४६ साली आग्नेय तुर्कस्तानातील मार्दिन प्रांतात, सावूर या गावी झाला. आठ भावंडांच्या त्या घरात आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकलेच पाहिजे याविषयी त्यांच्या मनात जराही शंका नव्हती. इस्तंबूलहून १९६९ साली वैद्यकीय पदवी घेतल्यावर सांजार यांनी आपल्याच भागात काही काळ डॉक्टर म्हणून काम केले. जीवरसायनशास्त्राची ओढ विद्यार्थिदशेपासूनची होती. ती त्यांना अमेरिकेत आणि अखेर डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात, क्लॉड रूपर्ट यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली.

रूपर्ट यांच्याकडेच का, हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. अतिनील किरणांच्या माऱ्याने मरणपंथाला लागलेले सूक्ष्मजीव नंतर साध्या दृश्य प्रकाशात ठेवले तर त्यांतील पुष्कळसे वाचतात, असे अल्बर्ट केल्नर यांना आढळले होते आणि १९४९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस रूपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही क्रिया जिवंत पेशीबाहेर, पेशींच्या अर्कातही घडते असे दाखवले. याचा अर्थ तिच्यामागे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन (एन्झाइम) होते. आज त्याला फोटोलायेज म्हणतात. अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरील शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना जोडले जातात. ही जोडगोळी फोटोलायेज निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेवर पुन्हा सोडवते. हे विकर शुद्ध स्वरूपात मिळवणे मात्र फार अवघड होते, कारण ई. कोलाय या जीवाणूच्या एका पेशीत त्याचे जेमतेम दहा-वीस रेणू असतात. सांजार यांनी विकराऐवजी त्याचे जनुक पकडायचे ठरवले. ते वेगळे काढून त्याच्या अनेक प्रती जीवाणूत घातल्या, की जीवाणूच ते विकर भरपूर तयार करील, असा त्यांचा विचार होता. १९७६ साली ते जनुक त्यांच्या हाती आले. जनुकांचे क्लोनिंग करण्याचे तंत्र त्या वेळी अवघे तीन वर्षांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे धाडस कळते.

डॉक्टरेट १९७७ साली पूर्ण झाली, पण पुढच्या संशोधनासाठी त्यांनी तीन प्रयोगशाळांकडे केलेले तीनही अर्ज नाकारले गेले. फोटोलायेजचे काम बाजूला ठेवावे लागले. तेव्हा डॉक्टरेट असूनही येल विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात डीन रप यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी तंत्रज्ञाची जागा पत्करली. तेथे प्रकाशाची गरज नसलेल्या, अंधारातही चालणाऱ्या दुरुस्तीवर काम सुरू होते. खराब झालेला भाग डीएनएतून काढून टाकला जातो हे १९६४ साली निरनिराळ्या गटांनी दाखवले होते, आणि त्यासाठी यूव्हीआर-ए, यूव्हीआर-बी व यूव्हीआर-सी अशी तीन जनुके लागतात हेही ठाऊक होते. ही जनुके कोणती प्रथिने बनवतात आणि ती प्रथिने प्रत्यक्षात काय करतात, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

येथे सांजार यांनी जी पद्धत बसवली ती मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत सुंदर वाटते. दुरुस्तीची क्षमता गमावलेला जीवाणूंचा एक वाण घ्यायचा, त्यात आपल्याला हवे ते जनुक एका लहान वर्तुळाकार डीएनएवर, म्हणजे प्लाझ्मिडवर घालायचे, आणि त्या जीवाणूंवर अतिनील किरण सोडायचे. जीवाणूचे मुख्य गुणसूत्र प्रचंड लांब असल्यामुळे त्याला इजा झाल्यावाचून राहत नाही, आणि दुरुस्तीच नसल्यामुळे ते हळूहळू विरून जाते. प्लाझ्मिड लहान असल्यामुळे त्यांतील काही माऱ्यातून निसटतात आणि त्यांच्या प्रती बनत राहतात. त्यानंतर किरणोत्सारी गंधक असलेले अमिनो आम्ल दिले, की ते फक्त प्लाझ्मिडवरील जनुकांच्या प्रथिनांत शिरते, आणि हजारो प्रथिनांच्या गर्दीतून आपल्याला हवे ते प्रथिन एकटे उठून दिसते. १९७९ साली प्रसिद्ध झालेली ही ‘मॅक्सिसेल’ पद्धत पुढे जगभरच्या असंख्य प्रयोगशाळांनी वापरली. ज्या किरणांनी होणारी इजा अभ्यासायची, त्याच किरणांचे त्यांनी हत्यार केले.

या पद्धतीमुळे तिन्ही प्रथिने ओळखता आली आणि मग शुद्ध करता आली. १९८३ साली सांजार आणि रप यांनी ती परीक्षानळीत, इजा झालेल्या डीएनएबरोबर एकत्र आणली. तोवरची सर्वसाधारण समजूत अशी होती की विकर इजेला लागून एका बाजूने काप घेते आणि पुढचे काम दुसरे कोणी करते. प्रत्यक्षात निघाले ते निराळेच. तीन प्रथिने मिळून धाग्याला इजेच्या दोन्ही बाजूंना काप घेतात, एका बाजूला आठव्या बंधाशी आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या किंवा पाचव्या बंधाशी, आणि बारा-तेरा न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे डीएनएच्या तितक्या अक्षरांचा तुकडा सुटा होतो. कापडाचा विटलेला भाग भोवतालच्या चांगल्या सुतासह कापून तेथे ठिगळ लावावे, तशी ही रीत आहे. फरक इतकाच की येथे ठिगळ समोरच्या धाग्यावर वाचून, अक्षर न् अक्षर मूळबरहुकूम विणले जाते. बातम्यांमधल्या ‘यंत्रणा उलगडली’ या शब्दांमागचा मुख्य प्रयोग हा.

तोपर्यंत ते उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील प्रयोगशाळेत रुजू झाले होते. पुढची सारी कारकीर्द तेथेच गेली. तेथे त्यांनी पत्नी ग्वेन सांजार यांच्यासह फोटोलायेजचे अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेतले. ग्वेन स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ आहेत, आणि हा भाग सांगताना त्यांचे नाव गाळणे मला योग्य वाटत नाही. डॅलसमध्ये मिळालेल्या जनुकामुळे आता विकर भरपूर तयार करता येत होते, आणि ते शुद्ध झाले तेव्हा निळे दिसले. तो निळा रंग फ्लेव्हिन नावाच्या सहघटकाचा होता. हे फ्लेव्हिन प्रकाशाच्या ऊर्जेने एक इलेक्ट्रॉन थायमिनच्या जोडीला उसना देते, जोडी सुटते आणि इलेक्ट्रॉन परत येतो, असे चित्र त्यानंतरच्या वर्षांत स्पष्ट होत गेले. २००५ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अतिवेगवान लेसरच्या साहाय्याने ही देवघेव प्रत्यक्ष टिपली. ती जेमतेम एका अब्जांश सेकंदात आटोपते.

मानवी पेशींतील दुरुस्तीचे काम याच्या जोडीने चालूच होते. १९९२ साली त्यांच्या गटाने दाखवले की आपल्या पेशीही दोन्ही बाजूंना काप घेतात, पण तुकडा तीसच्या आसपास न्यूक्लिओटाइडांचा असतो आणि त्यासाठी तीनऐवजी कितीतरी अधिक प्रथिने लागतात. जीवाणूतील तिन्ही प्रथिनांशी त्यांचे काहीही नाते नाही, तरी रीत तीच. हे मला आजही विलक्षण वाटते.

प्रश्न : ‘सकाळचे ऊन अंगावर घेतले की प्रकाशामुळे डीएनए आपोआप दुरुस्त होतो, यालाच नोबेल मिळाले आहे’ असा संदेश आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात फिरतो आहे. हे खरे आहे का?
— सेवानिवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : नाही. प्रकाशाच्या साहाय्याने डीएनए दुरुस्त करणारे फोटोलायेज जीवाणूंत, वनस्पतींत, माशांत, इतकेच काय कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांतही असते. परंतु माणसासह सर्व अपरायुक्त, म्हणजे वारेच्या आधाराने गर्भ पोटात वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले आहे. उन्हातील अतिनील किरण आपल्या त्वचेतील डीएनएला इजा करतात, आणि ती इजा आपल्याला वर सांगितलेल्या कापून काढण्याच्या सावकाश मार्गानेच भरून काढावी लागते. कोवळ्या उन्हाचे ड जीवनसत्त्वासाठी महत्त्व आहे, पण तो विषय वेगळा.

या गोष्टीला एक उपकथानकही आहे. मानवी जनुकांची माहिती नव्वदच्या दशकात हाती येऊ लागली, तेव्हा फोटोलायेजशी विलक्षण साम्य असलेली दोन मानवी जनुके सापडली. सांजार यांच्या गटाने त्यांची प्रथिने तपासली, आणि १९९६ साली असे जाहीर केले की त्यांना दुरुस्ती मुळीच करता येत नाही. वनस्पतींत अशाच प्रथिनांना क्रिप्टोक्रोम म्हणत असल्यामुळे हीदेखील क्रिप्टोक्रोम ठरली. १९९८ आणि १९९९ सालच्या उंदरांवरील प्रयोगांतून त्यांचे खरे काम कळले : दिवस आणि रात्र यांचा ताल सांभाळणाऱ्या शरीरातील घड्याळाचा ती अत्यावश्यक भाग आहेत. दोन्ही जनुके निकामी केलेले उंदीर सतत अंधारात ठेवले तर त्यांच्या झोपेजागेपणाला काही ताल उरत नाही. ‘हे विकर दुरुस्ती करत नाही’ एवढ्या नकारात्मक निष्कर्षापाशी बहुतेकांनी फाईल बंद केली असती; सांजार यांनी ‘मग ते काय करते’ असा प्रश्न धरून ठेवला.

प्रश्न : शरीराजवळ इतकी चांगली दुरुस्ती आहे, तर कर्करोग होतोच कसा? माझ्या मोठ्या बहिणीला अंडाशयाचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी ‘बीआरसीए’ तपासणी सुचवली, म्हणून विचारते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या बहिणीला लवकर बरे वाटो. आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर संख्येत आहे. बाहेरून काही न लागताही, केवळ शरीराच्या उष्णतेने आणि पाण्यामुळे, एका मानवी पेशीच्या डीएनएतून दिवसाला सुमारे दहा हजार अक्षरे गळून पडतात, असा हिशेब लिंडाल यांनी सत्तरच्या दशकात मांडला. तोपर्यंत डीएनए हा अत्यंत टिकाऊ रेणू मानला जात असे. इतक्या इजांपैकी जवळजवळ सर्व भरून निघतात, पण एखादी इजा भरण्याआधीच पेशी विभागली आणि डीएनएची प्रत काढली गेली, तर समोरच्या धाग्यावर चुकीचे अक्षर बसू शकते. त्यानंतर दोन्ही धागे एकमेकांशी जुळत असल्यामुळे दुरुस्तीच्या दृष्टीने तेथे काही बिघडलेले राहतच नाही. इजा काढता येते, उत्परिवर्तन काढता येत नाही. अशी उत्परिवर्तने नेमक्या जनुकांत वर्षानुवर्षे साचत गेली, की कर्करोगाची वाट मोकळी होते.

दुसरे उत्तर असे, की काही व्यक्तींत दुरुस्तीची यंत्रणा जन्मतःच अपुरी असते. झीरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ विकारात उन्हाने झालेली इजा कापून काढता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवले. अशा मुलांना लहान वयातच त्वचेचे कर्करोग होतात. सांजार यांच्या प्रयोगशाळेने मानवी दुरुस्ती परीक्षानळीत उभी केली, तेव्हा तिला लागलेली अनेक प्रथिने याच विकाराच्या रुग्णांत बिघडलेली असतात. मॉड्रिच यांनी अभ्यासलेली, प्रत काढताना झालेल्या चुका सुधारणारी यंत्रणा बिघडली असेल तर मोठ्या आतड्याचा आनुवंशिक कर्करोग होण्याचा धोका वाढतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांचा संबंध डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले असता ते बिनचूक सांधण्याशी आहे. त्यांतील एकात जन्मजात दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

ही तपासणी का सुचवली असावी, हेही सांगतो. ज्या गाठीने दुरुस्तीचा एक मार्ग गमावलेला असतो, ती दुसऱ्या मार्गावर अधिक विसंबून राहते. तो दुसरा मार्ग औषधाने अडवला तर गाठीतील पेशी मरतात आणि निरोगी पेशी तगतात. पार्प नावाच्या विकराला अडवून हे साधते, असे २००५ साली दोन गटांनी दाखवले आणि त्यातून आलेले ओलापॅरिब हे औषध २०१४ साली अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्यामुळे तपासणीचा निकाल बहिणीच्या उपचारांची दिशा ठरवण्यास उपयोगी पडू शकतो, आणि तो दोष दाखवणारा आला तर आपणही आनुवंशिक समुपदेशन घ्यावे. तपासणीआधीच समुपदेशकाशी बोललात तर अधिक चांगले. निकालाचा अर्थ एकट्याने लावू नये.

एक विरोधाभास येथे नोंदवतो. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरील जुने औषध डीएनएला इजा करूनच पेशी मारते, आणि सांजार यांनी उलगडलेली कापून काढण्याची यंत्रणा ती इजाही दुरुस्त करते. म्हणजे जी यंत्रणा आपल्याला कर्करोगापासून वाचवते तीच गाठीला औषधापासून वाचवते. सांजार यांच्या गटाने २०१५ साली कापून काढलेले ते सुटे तुकडेच गोळा करून, त्यांचा क्रम वाचून, संपूर्ण मानवी जीनोमवर कोठे केव्हा दुरुस्ती होते याचे नकाशे काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे उंदरांमध्ये सिसप्लॅटिनच्या इजेची दुरुस्ती दिवसाच्या वेळेनुसार बदलते, हेही त्यांनी तपासले. दुरुस्ती आणि शरीरातील घड्याळ हे त्यांच्या आयुष्यातील दोन विषय तेथे एकत्र आले.

प्रश्न : किरणोत्साराने न मरणाऱ्या जीवाणूवर आपल्याकडे संशोधन होते असे ऐकले. त्याचा या विषयाशी संबंध आहे का?
— अकरावीचा विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर : अगदी थेट संबंध आहे. त्या जीवाणूचे नाव डिनोकॉकस रेडिओड्युरन्स. किरणोत्सार देऊन निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात तो १९५६ साली अमेरिकेत सापडला. माणसाला पाच ग्रे (ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) इतकी मात्रा सर्व शरीरावर मिळाली तर ती प्राणघातक ठरू शकते. हा जीवाणू पाच हजार ग्रे सहज सोसतो. त्याचाही डीएनए तुटतोच, शेकडो तुकडे होतात, पण काही तासांत ते योग्य क्रमाने पुन्हा सांधले जातात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात या दुरुस्तीवर आणि तिच्यातील प्रथिनांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे.

प्रश्न : माझ्या मुलीने जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केले. पीएच.डी.च्या मुलाखतींत यंदा तिची निवड झाली नाही, आणि एका संस्थेत प्रकल्प साहाय्यकाची तात्पुरती जागा मिळते आहे. नातेवाईक म्हणतात, ही जागा घेतली तर ती कायमची मागे पडेल. तिला डीएनए दुरुस्तीवरच काम करायचे आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, सांगली

उत्तर : नातेवाइकांची काळजी मी समजू शकतो, परंतु त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. सांजार यांची तीन ठिकाणी निवड झाली नाही, हे वर आलेच आहे. मात्र ‘त्यांनी तंत्रज्ञाची जागा घेतली आणि पुढे नोबेल मिळवले’ असे सांगून मी आपल्याला धीर देणार नाही, कारण तशी जागा घेणाऱ्या सर्वांचे तसे होत नाही. महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. त्यांनी पद कमी प्रतीचे घेतले, प्रश्न सोडला नाही. येलमधल्या त्या प्रयोगशाळेत दुरुस्तीवरच काम चालू होते, आणि तेथे त्यांना स्वतःची पद्धत बसवण्याइतकी मोकळीक मिळाली. आपल्या मुलीने पदनामाकडे न पाहता या दोन गोष्टी तपासाव्यात.

म्हणून होकार देण्यापूर्वी तिने प्रयोगशाळाप्रमुखांना स्पष्ट विचारावे : प्रकल्प कोणत्या प्रश्नावर आहे, तिच्याकडे स्वतंत्र प्रयोग असतील की केवळ माध्यमे बनवणे आणि खरेदीच्या नोंदी ठेवणे, शोधनिबंधात तिचे काम असेल तर लेखकांत तिचे नाव येईल का, आणि प्रकल्पाचा निधी किती काळाचा आहे. तेथे आधी काम केलेल्या साहाय्यकांशीही बोलावे. ते सहसा मोकळेपणाने सांगतात. उत्तरे समाधानकारक असतील तर एक-दोन वर्षे तेथे घालवणे मला चांगले वाटते. प्रथिन शुद्ध करणे, पेशींवर मोजून अतिनील मात्रा देणे, पिवळ्या दिव्याखाली काम करणे, जेणेकरून प्रकाशाने होणारी दुरुस्ती निकालात मिसळणार नाही — ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत, आणि पुढच्या मुलाखतीत परीक्षक नेमके तेच विचारतात.

जोडीने सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेची तयारी सोडू नये. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर प्रयोगशाळा निवडण्याचे स्वातंत्र्य पुष्कळ वाढते. टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयसर, आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था यांच्या प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या असतात, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळांवरील सूचना दरवर्षी नव्याने पाहाव्यात. अर्ज करताना ‘मला डीएनए दुरुस्ती आवडते’ एवढे लिहून भागत नाही. जीवाणूतील की मानवी पेशीतील, एका धाग्याची इजा की दोन्ही धागे तुटणे, विकराची रचना की पेशीचे वर्तन, यांतील आपले कुतूहल नेमके कोठे आहे, हे तिने एका पानात लिहून काढावे आणि त्या विषयावरचे दोन-तीन मूळ शोधनिबंध पद्धतीच्या भागासह वाचून जावे. मुलाखतीला जाताना ते पान तिच्याजवळ असू द्यावे.